पाच किलो पूर्ण होईपर्यंत

सोमवार, २ फेब्रुवारी. सकाळी १०.१५

आजपासून रोजनिशी. माझी रजा संपायला बरोबर चार आठवडे राहिले. सोमवार, दोन मार्च, सकाळी नऊ वाजता मी लॅबमध्ये माझ्या टेबलाशी असणार. ही काळ्या दगडावरची रेघ.

पहिल्या पानावर स्वतःची ओळख लिहावी म्हणतात. वय चौतीस. काम: वजनकाटे तपासणे. दुकानांचे, दवाखान्यांचे, कारखान्यांचे. काटा खरं बोलतो की थापा मारतो ते आम्ही लॅबच्या प्रमाण वजनांवरून ठरवतो आणि पास झाला तर त्याच्यावर हिरवं लेबल चिकटवतो. बारा वर्षांत माझं एकही रीडिंग चुकलेलं नाही. मूल: एक, मुलगी, आज अकरा आठवड्यांची. प्रकृती: उत्तम. दोघींची.

साहेबांचा फोन आला होता. आमच्या विभागाला प्रमुख नेमायचाय, मार्चअखेर ठरेल. एक मी, दुसरी नवी. नवीला लागून चार वर्षं झाली, पण तिच्यानंतर कोणी आलंच नाही म्हणून ती अजून नवी. साहेब म्हणाले, तुम्ही आता आई झालात, सावकाश विचार करा. मी म्हटलं, झाला विचार. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की ते विचारत नव्हते, सुचवत होते.

संकल्प. बाळ दोन मार्चला पाच किलोचं झालेलं असेल. मी होते तशीच्या तशी कामावर परत जाईन. घरात रडारड नाही.

तिसरा संकल्प सोपा आहे. बाळंतपणानंतर बायका म्हणे भांडी घासतानासुद्धा रडतात. मला नाही रडू येत. हसूही नाही. काहीच येत नाही. हा माझा पहिल्यापासूनचा शांत स्वभाव आणि लॅबमध्ये त्याचं कौतुक होतं.

बुधवार, ४ फेब्रुवारी. दुपारी २

नवऱ्याने लॅबमधला एक जुना टेबलकाटा आणला. तो शाळेत चित्रकला शिकवतो, ब्रशपेक्षा जड काही उचलायची सवय नाही. दोन जिने चढून आला आणि पंधरा मिनिटं खुर्चीत पडून होता. सासूबाईंनी त्याला पाणी दिलं, पंखा लावला, पाठ चोळली. मी दवाखान्यातून बाळ घेऊन हेच दोन जिने चढले होते तेव्हा पंखा लावल्याचं आठवत नाही. तक्रार नाही, नोंद.

काटा जेवणाच्या टेबलावर बसवला. वाऱ्यापासून लांब, पातळी दाखवणारा बुडबुडा मधोमध. जेवण आजपासून सोफ्यावर.

बाळ: ४.३८५ किलो, कपड्यांशिवाय. हलत होतं म्हणून सात रीडिंग घेतली आणि सरासरी काढली. दूध पिण्याआधी आणि नंतर वेगवेगळं वजन घेणार. म्हणजे किती दूध गेलं ते कळतं. अंदाजपंचे काही नको.

सासूबाई म्हणाल्या, अगं मूल आहे की बटाटे. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, आता रिटायर. माझी आई नाही, म्हणून बाळंतपणाला त्या आल्या आणि पहिल्याच दिवशी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. त्यांचं म्हणणं, मूल नुसतं मांडीवर घेतलं तरी आईला वजन कळतं. मी विचारलं, किती ग्रॅमपर्यंत अचूक? त्यांनी तोंड फिरवलं. मुद्दा पटला असावा.

गुरुवार, ५ फेब्रुवारी. सकाळी ९

आजपासून बाळाला घेताना पांढरे सुती हातमोजे. लॅबचेच, दोन जोड होते पर्समध्ये.

प्रमाण वजनाला आम्ही उघडा हात कधी लावत नाही. बोटांचं तेल लागतं, घाम लागतो, हाताच्या उबेने वजन तापतं आणि मग रीडिंग हलायला लागतं. लॅबमध्ये पाच किलोचं एक वजन आहे, स्टीलचं, मखमलीच्या पेटीतलं. बारा वर्षांत मी त्याला एकदाही उघड्या हाताने शिवलेली नाही. साहेब नव्या लोकांना माझं उदाहरण देतात.

बाळाच्या बाबतीत कारण वेगळं. माझे हात गार असतात. उघड्या हाताने घेतलं की ते दचकतं आणि रडतं. मोजे घातल्यावर रडत नाही असं नाही. पण मग ते माझ्यामुळे रडतंय असं वाटत नाही.

नवरा हसला. म्हणाला, मोठ्या हॉटेलातल्या वेटरसारखी दिसतेस. सासूबाई हसल्या नाहीत.

पाजताना मोजे काढावे लागत नाहीत. करून बघितलं.

रविवार, ८ फेब्रुवारी

मोठ्या जाऊबाई आल्या होत्या. त्यांनी दोन मुलांसाठी नोकरी सोडली आणि ते आल्यागेल्याला सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. सासूबाई चाळीस दिवसांत कामावर हजर झाल्या होत्या, त्यांनाही चैन पडत नाही. दोघी समोरासमोर बसल्या आणि माझ्याकडे बघत एकमेकींशी भांडल्या. एकीचं म्हणणं, मुलाला आई हवी. दुसरीचं म्हणणं, बाईला स्वतःचा पगार हवा. मी मधोमध बसून बाळाची ढेकर काढत होते.

एका गोष्टीवर मात्र दोघींचं एकमत झालं. पोराचं तोंड बघितलं की आपोआप पान्हा फुटतो. जाऊबाईंनी मला विचारलं, उचललं की कसं भरून येतं ना गं? मी हो म्हटलं. जरा लवकरच म्हटलं.

आपोआप या शब्दावर आमचा विश्वास नाही. काटासुद्धा आधी प्लगला लावावा लागतो, मग वीस मिनिटं तापू द्यावा लागतो, तेव्हा कुठे तो रीडिंग देतो. मला अकरा आठवडे झाले. एखाद्या मॉडेलला जास्त वेळ लागतो.

नवऱ्याला कोणीच विचारलं नाही की तू नोकरीचं काय ठरवलंस. तो बिस्किटं खात होता.

४.४७०.

मंगळवार, १० फेब्रुवारी. दुपारी ३

दवाखाना. लस टोचली. बाळ रडलं. शेजारची एक बाई आपल्या मुलाला टोचताना स्वतःच रडली, तिच्या नवऱ्याने तिला धरलं. मी त्या वेळात लसीची तारीख आणि बॅच नंबर लिहून घेतला.

दवाखान्याचा बाळकाटा पस्तीस ग्रॅम जास्त दाखवतो. हिरवं लेबल असून! लेबल आमच्या लॅबचं नाही, देवाची कृपा. मी पर्समधून शंभर ग्रॅमचं वजन काढलं, चिमट्याने काट्यावर ठेवलं आणि सिस्टरना चूक दाखवून दिली. मागे सहा आया रांगेत होत्या. सिस्टर म्हणाल्या, बाई, आधी बाळाला कपडे घाला. घातले.

मग त्यांनी एक फॉर्म दिला. दहा प्रश्न. गेल्या सात दिवसांत हसू आलं का, कशाची ओढ वाटली का, झोप लागते का, उगाच भीती वाटते का, असले. प्रत्येकाला शून्य ते तीन. शून्य म्हणजे काही त्रास नाही. मी दहाही शून्य टाकले. दीड मिनिट लागलं. सिस्टरनी बेरीज केली आणि म्हणाल्या, वा, छान.

बसमध्ये उगाच नवीची आठवण आली. पहिल्या वर्षी तिने एका कारखान्याच्या काट्याची दहा रीडिंग काट्याजवळ न जाताच भरली होती. खुर्चीत बसून. चूक: शून्य, शून्य, शून्य, खालपर्यंत. मी कागद बघताक्षणी ओळखलं. खरा काटा कुठेतरी ग्रॅम-दोन ग्रॅम इकडेतिकडे होतोच. सगळंच बरोबर आलं म्हणजे कोणी तपासलेलं नाही. मी तिला सगळ्या स्टाफसमोर झापलं. ती बाथरूममध्ये जाऊन रडली, डोळे लाल करून आली. माझं बरोबरच होतं.

आज ते का आठवलं कोण जाणे. ट्रॅफिक फार होतं.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी. संध्याकाळी ५.३०

बाळ ४.२० ते ५.०१ रडलं. एक्केचाळीस मिनिटं. कारणं एकेक करून तपासली. भूक नाही, नुकतंच पाजलं होतं, नव्वद ग्रॅम गेलं. दुपटं कोरडं. ताप नाही. म्हणजे कारण नाही. कारणच नसेल तर उपाय कशावर करणार? म्हणून मी दाराशी उभी राहिले आणि वेळ लिहून ठेवली.

सासूबाई बाजारात गेल्या होत्या. मोजे सापडत नव्हते.

५.०१ ला नवरा आला. बूट न काढता आत गेला, उचललं. बाळ थांबलं. मला म्हणाला, तुला ऐकू येत नव्हतं का गं? मी त्याला वही दाखवली, मिनिटांसकट. तो बराच वेळ वहीकडे बघत उभा राहिला. पद्धत आवडली असावी.

मग स्वतःशीच बोलल्यासारखं, ठमे, ठमे, करत फिरत बसला. तो तिला ठमी म्हणतो. मी बाळ म्हणते. खरं नाव शोधायचं काम माझ्याकडे आहे. यादी करणार आहे.

सोमवार, १६ फेब्रुवारी. दुपारी १२

दोन मार्चची रंगीत तालीम केली. सहाला उठायचं, पाजायचं, दूध काढून फ्रीजमध्ये ठेवायचं, आंघोळ, डबा, ७.५० ला घराबाहेर. सहाला उठणं उत्तम जमलं. झोपच लागली नव्हती, त्यामुळे उठण्याचा वेळ वाचला. बाकी थोडं मागेपुढे झालं. ७.५० चे ८.३५ झाले. कुर्त्याला दूध लागलेलं होतं ते स्टॉपवर कळलं. वरून ओढणी घेतली. तिलाही लागलं.

बस आली. गेली. दुसरी आली. ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं, मी घड्याळाकडे बघितलं. अशा पाच गेल्या. मग घरी आले आणि तालीम पार पडली असं नवऱ्याला कळवलं. तालमीत बसमध्ये चढायचं असं काही ठरलेलं नव्हतं.

स्टॉपच्या बाकावर बरं वाटत होतं. बरं म्हणजे बरं नाही. काहीच वाटत नव्हतं, आणि तिथे कोणी विचारत नव्हतं की भरून येतंय का.

४.६४०. घोडदौड चालू आहे.

शनिवार, २१ फेब्रुवारी. सकाळी ११

१०.४० ला बाळ हसलं. दोन वेळा. आवाज न करता, तोंड उघडं. माझ्याकडे बघून असावं. किंवा माझ्या मागे पंखा होता.

मला काय वाटलं ते लिहायला हवं, म्हणून पेन घेऊन बसले. दहा मिनिटं झाली. काही लिहिण्यासारखं सापडत नाही. दूरवर कोणाच्या तरी घरी पाहुणे आलेत आणि आपल्याला हसण्याचा आवाज येतोय, तसं काहीतरी. आपल्याला बोलावलेलं नाही, आणि वाईटही वाटत नाही.

नवऱ्याला फोन करून हसल्याचं सांगितलं. तो शाळेत वर्गात होता, तिथेच ओरडला. पोरांनी टाळ्या वाजवल्या, मला फोनमधून ऐकू आल्या. म्हणाला, तू पण खूश आहेस ना? मी म्हटलं, हो, ४.७७०.

मंगळवार, २४ फेब्रुवारी. संध्याकाळी ७

सासूबाईंचा आज काय मूड होता कोण जाणे. मी बाटल्या उकळत होते, त्या ओट्याशी आल्या आणि मागचा पुढचा संबंध नसताना एक्स्चेंजच्या गोष्टी सांगायला लागल्या.

चाळिसाव्या दिवशी त्या बोर्डावर जाऊन बसल्या. लोकांचे फोन जोडायचे, बोलणं झालं की पिन काढायची. कुठल्या घरी मागे तान्हं मूल रडत असलं की त्या पिन काढायच्या नाहीत. बोलणारे फोन नीट ठेवायचे नाहीत कधीकधी, मग लाइन उघडी राहायची. त्या ऐकत बसायच्या. म्हणाल्या, माझं स्वतःचं पोर मला पहिले तीन-चार महिने शेजाऱ्याचं वाटायचं. कोणीतरी सांभाळायला ठेवलंय, संध्याकाळी येऊन घेऊन जाईल असं. बोर्डावर बसून लोकांची पोरं ऐकली की वाटायचं, ह्यांच्या आयांना काय वाटत असेल. मी कोणाला बोलले नाही गं.

मी विचारलं, मग त्या रविवारी जाऊबाईंसमोर आपोआप पान्हा फुटतो असं का म्हणालात. म्हणाल्या, तसं म्हणायचं असतं. आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

ड्यूटीवर असताना लाइन उघडी ठेवणं हे नियमात बसत नाही. मी तसं बोलले नाही, वयाचा मान. मला मात्र तसला काही प्रकार नाही असं स्पष्ट सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं. मग माझ्या हातातला चिमटा काढून घेतला आणि बाटल्या स्वतः काढल्या. एक बाटली माझ्याकडून दोनदा परत पाण्यात पडली होती. वाफ लागली असेल.

गुरुवार, २६ फेब्रुवारी. दुपारी ४

लॅबमध्ये तोंड दाखवून आले. सगळे सहकुटुंब या म्हणाले होते, म्हणून नवरा आणि बाळही. नवऱ्याने बाळाला पोटाशी बांधलं होतं. सगळा स्टाफ त्याच्याभोवती. किती करतो हो बाई हा! असा नवरा मिळायला भाग्य लागतं! मी बाळाची पिशवी, माझी पिशवी, नवऱ्याची छत्री आणि पेढ्यांऐवजी आणलेला केक घेऊन मागे उभी होते. केक कोणीतरी घेतला, बरं झालं.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. बाळाला कोण बघणार, असं चार प्रकारे विचारलं. म्हणाले, सुरुवातीला तुम्हाला हलकं काम देऊ. मी म्हटलं, साहेब, आपल्या लॅबमध्ये हलकं काम सगळ्यात अवघड असतं, मिलिग्रॅमला श्वाससुद्धा रोखावा लागतो. ते हसले. मी हसले नाही, मी गंभीरपणे सांगत होते. प्रमुखाच्या जागेचं बघू म्हणाले.

नवीने माझं टेबल पुसून ठेवलंय. माझा कप तिने वापरलेला नाही, उलटा करून ठेवलाय. मला वाटलं होतं ती वापरेल. ती मला म्हणाली, मॅडम, तुम्ही बारीक झालात. मी म्हटलं, किती? तिला आकडा सांगता आला नाही. अजून कच्ची आहे.

बाळाला तिने कडेवर घेतलं, उघड्या हातांनी. बाळ दचकलं नाही. तिचे हात ऊबदार असतील.

रविवार, १ मार्च. रात्री ८

५.००५!

संकल्प पूर्ण. एक दिवस आधी. सात रीडिंगची सरासरी. नवऱ्याला आणि सासूबाईंना बोलावून काटा दाखवला. नवऱ्याने बाळाचे पाय पकडून नाचवले. सासूबाई म्हणाल्या, आता तो काटा उचल टेबलावरून, पाठ मोडली सोफ्यावर जेवून.

माझं काम झालं असं एकदम वाटलं. जिथे कुठे पोचवायचं होतं तिथे पोचवलं, पावती मिळाली. आता निघायला हरकत नाही. हे वाक्य परत वाचलं तर जरा विचित्र वाटतं. दमले असेन.

उद्याचे कपडे काढून ठेवलेत. बसचा पास वरच्या खिशात. मोजे धुऊन वाळवलेत. मी शंभर टक्के तयार आहे.

सोमवार, २ मार्च. सकाळी ७.४०

तयार. पाजून झालं. बाळ झोपलंय. नवरा म्हणाला, जाताना पापी घे तिची. मी म्हटलं, उठेल. हे अगदी व्यवहारी उत्तर होतं.

दुपारी १.१०

घरी आले. साहेबांनी लवकर सोडलं. पहिला दिवस अर्धाच असावा असं माझंही मत होतं.

एक किरकोळ प्रकार झाला. पाच किलोच्या वजनाला हात लागला. एवढ्या वर्षांत कधी ना कधी कोणाचा तरी लागणारच. त्याचं प्रमाणपत्र तसंही मे महिन्यात संपत होतं.

दुपारी ४

नीट लिहिते. जे रीडिंग आलं तेच लिहायचं, हे मीच सगळ्यांना शिकवलंय.

बसमध्ये पहिल्या झटक्यात चढले. नऊला टेबलाशी. ११.१० ला वजनखोलीत गेले, पाच किलोचं रोजचं रीडिंग घ्यायला. खोली होती तशीच. वीस डिग्री, दार बंद, बाहेरचा आवाज आत येत नाही. पेटी उघडली. मखमल, त्यात वजन. पुढचं सगळं मला दोन मिनिटांचं वाटतं. नवी चहाला बोलवायला आली तेव्हा ११.५० झाले होते.

तिने सांगितलं ते असं. मी काट्यासमोर उभी होते. मोजे टेबलावर होते, घडी घालून ठेवलेले. वजन माझ्या डाव्या खांद्यावर होतं. मी त्याला थोपटत होते आणि जागच्या जागी डुलत होते. तिने मॅडम अशी हाक मारली. मी म्हटलं, हळू, उठेल.

हे शेवटचं मला आठवतंय. म्हणजे बोलून झाल्यावर मलाच ऐकू आलं.

नवी ओरडली नाही. साहेबांना हाका मारल्या नाहीत. दार लावून घेतलं, मोजे चढवले, माझ्या खांद्यावरून वजन दोन्ही हातांनी खालून आधार देऊन घेतलं आणि पेटीत ठेवलं. मग तिथेच थांबली. म्हणाली, मॅडम, हे गरम झालंय. मोज्यातूनसुद्धा लागतंय.

मी म्हटलं, खोलीचं तापमान वाढलं असेल. तिने भिंतीवरचं दाखवलं. वीस.

तिने मला खुर्चीत बसवलं. विचारलं, झोप होते का? मी म्हटलं, ठीक. जेवण? ठीक. घरचे? ठीक. बाळ? ठीक. मग ती खाली बघत म्हणाली, मॅडम, सगळंच ठीक आलं म्हणजे कोणी तपासलेलं नाही, असं तुम्हीच सांगितलं होतंत मला. सगळ्यांसमोर.

पोरगी तयार झाली आहे. प्रमुख म्हणून चालेल.

साहेबांना कळवावंच लागलं, त्यांनी कागद केले. वजनाला उघडा हात लागला म्हणजे ते वापरायचं नाही, बाहेर पाठवून पुन्हा तपासून आणायचं. तीन आठवडे लागतात. त्यांनी वजनाचा कागद लिहिला, मग थोडं थांबून दुसरा कागद घेतला आणि म्हणाले, तुम्हीही तीन आठवडे घ्या. ओरडले असते तर बरं झालं असतं. नवी बसपर्यंत सोडायला आली आणि बस सुटेपर्यंत उभी राहिली.

घरी कोणाला काही सांगितलेलं नाही. नवरा शाळेत आहे. सासूबाईंनी विचारलं, इतक्या लवकर कशी? मी म्हटलं, ठीक आहे सगळं.

मंगळवार, ३ मार्च. दुपारी १२

संकल्प नाहीत.

काल संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. सगळं, खांद्यासकट. त्याला हसू येईल असं वाटलं होतं. तो रडला. मी बघत होते. मला अजूनही आलं नाही.

सकाळी दोघं दवाखान्यात गेलो. रांगेत बसलो. सिस्टरनी मला बघितलं आणि लांबूनच म्हणाल्या, बाई, काटा दुरुस्त करून घेतलाय हो. मी म्हटलं, काट्याचं नाही, माझा फॉर्म चुकलाय. मागच्या वेळी मी रीडिंग न घेताच भरला. तो परत द्या.

दहा प्रश्न. या वेळी पंचवीस मिनिटं लागली. मागची रांग थांबवली सिस्टरनी, कोणी कुरकुर केली तर डोळे वटारले. मी एकेका प्रश्नापाशी थांबले, आकडा लिहिला, खोडला, खरा लिहिला. बेरीज एकवीस. बारा वर्षांत कागदावर इतकी खाडाखोड केलेली नाही. सिस्टर बेरीज बघून वा म्हणाल्या नाहीत. खुर्ची माझ्याजवळ ओढून बसल्या. म्हणाल्या, ह्याला आजार म्हणतात, ह्याला औषध आहे, बायका बऱ्या होतात. तुम्ही वाईट आई नाही आहात. मी त्यांना विचारलं, किती दिवसांत? त्या म्हणाल्या, तारीख नाही सांगता येणार. मग डॉक्टरांना फोन लावला. दुपारी तीनला बोलावलंय.

घरी आलो तर मोजे सासूबाईंनी भिजत टाकले होते. दोन्ही जोड. एकदम. म्हणाल्या, मळले होते. परवाच धुतलेत मी.

ठमी जागी होती. रडायच्या बेतात होती. नवरा बूट काढत होता, सासूबाईंचे हात साबणाचे. मीच उरले. मी उचललं, उघड्या हातांनी. दचकली नाही. डाव्या खांद्यावर टाकलं, तिने मान टेकली, नाक माझ्या गळ्याला घासलं. पाच किलो आणि वर काहीतरी.

भरून आलं नाही. पान्हा नाही, डोळ्यांत पाणी नाही. खरं लिहायचं म्हणून लिहिते. फक्त जड लागली, आणि खाली ठेवावीशी वाटली नाही.

ती झोपल्यावर मी सासूबाईंना हळूच म्हटलं, माझे हात बघा जरा, किती गार पडलेत. त्यांनी पदराला हात पुसले आणि माझा मोकळा हात धरला. मग ठमीच्या पाठीवरचा दुसराही धरून बघितला.

म्हणाल्या, नाहीत गं. कधीच नव्हते.